बर्लिनमधली चिल्लर

नोटा मोजणारा आणि नाणी मोजणारा या दोघांना एकाच पगारात बसवणं हा बँकेच्या धंद्यातला सर्वांत जुना अन्याय आहे. नोटांसाठी ओला स्पंज असतो, पुढे तर यंत्रं आली. चिल्लर मोजायला मात्र दहा बोटं आणि पूर्वजन्मीचं पाप लागतं. सांगलीकडच्या ज्या शाखेत मी रोखपालाच्या पिंजऱ्यात बसलो, त्या गावात एक जागृत देवस्थान होतं. दानपेटी उघडली की दुसऱ्या दिवशी दोन कारभारी आणि गच्च भरलेल्या थैल्या माझ्यापुढे हजर. नाण्यांना हळद, कुंकू, तेल, साखरफुटाणे असं सगळं चिकटलेलं असे आणि क्वचित कुणाच्या नवसाची चिठ्ठीही. एका चिठ्ठीत 'साहेबांची बदली होऊ दे' एवढंच लिहिलं होतं. कोणत्या साहेबांची ते नव्हतं. शाखेत सगळे दिवसभर एकमेकांकडे संशयाने पाहत होते.

मोजलेली चिल्लर पुन्हा लोकांच्या गळ्यात मारणं हे त्याहून कठीण. रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून बँका नाणे मेळावे भरवू लागल्या तेव्हा मंडईसमोर टेबल मांडून, मागे बॅनर लावून आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला 'दहाची नाणी घ्या हो' अशी गळ घालत असू. लोक वळसा घालून जात. एक भाजीवाली मात्र थेट टेबलापाशी आली. तिने दहाचं नाणं उचललं, उन्हात धरलं, वरच्या रेघा मोजल्या आणि ठणकावून म्हणाली, "ह्याला पंधरा रेघा हायत. दहा रेघांचं खरं. हे तुमच्या घरी न्या." दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेला २०१८ च्या जानेवारीत पत्रक काढून सांगावं लागलं. ते पत्रक मी त्या बाईंना मुद्दाम वाचून दाखवलं. "त्यास्नी काय कळतंय," असं म्हणून त्यांनी मेथीवर पाणी मारलं.

या बाई जगातल्या थोर नाणेतज्ज्ञांच्या पंगतीत मानाने बसू शकल्या असत्या, हे कळायला मला बर्लिनला जावं लागलं.

बर्लिनला मला नेलं माझ्या साडूंनी. म्हणजे खरं तर आम्हा दोघांनाही आमच्या बायकांनी नेलं. साडूंची मुलगी, माझी भाची, तिथे नोकरी करते. तिला मुलगा झाला, दोघी बहिणी बाळंतपणासाठी निघाल्या आणि त्यांच्या सामानात डिंकाच्या लाडवांच्या खालोखाल आम्ही दोघे होतो. साडू नाशिकचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि नाण्यांनी झपाटलेले. नाशिकची हवाही या रोगाला पोषक. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. परमेश्वरीलाल गुप्तांच्या पुढाकाराने ती १९८० मध्ये सुरू झाली. लोक अंजनेरीला मारुतीसाठी जातात, साडूभाऊ त्या संस्थेसाठी. नाशिक जिल्ह्यातच जोगळटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला होता. तेरा हजारांवर नाणी, आणि त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवल्यावर आपला ठसा मारून घेतलेला. ही गोष्ट साडूभाऊ दर दिवाळीला सांगतात. त्यांचा ऊर सातवाहनांच्या पराक्रमाने भरून येतो. माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो ती नऊ हजार नाणी एकेक करून हातोड्याखाली धरणारा कारकून. त्याला ओव्हरटाइम मिळाला असेल का?

साडूंच्या संग्रहाचा मानबिंदू म्हणजे शिवराई. महाराजांच्या काळातली, तांब्याची. ती बर्लिनला न्यायची आणि तिथल्या लोकांना दाखवायची, असा त्यांचा बेत होता. पायमोज्यात. पण १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर नेता येत नाहीत. "नेली तर काय होईल?" साडूभाऊंनी विचारलं. त्यावर माझी बायको शांतपणे म्हणाली, "काही नाही भाऊजी. बारशाला आम्ही तुमचा फोटो ठेवू." शिवराई घरी राहिली आणि मोबाइलमध्ये तिची चाळीसेक छायाचित्रं तेवढी आली.

बर्लिनला भाचीचं घर दोन खोल्यांचं. बाहेर जानेवारीअखेरची थंडी, आत दोन आज्या, आई, बाप, दोन निरुपयोगी वृद्ध आणि एक सार्वभौम बाळ. आम्ही बसलेल्या जागी कायम कुणाला तरी दुपटी वाळत घालायची असत. शेवटी भाचीने मोबाइलवर काहीतरी केलं आणि म्हणाली, "काका, इथे नाण्यांची मोठी जत्रा भरते. तिकिटं काढलीत. बाबांना घेऊन जा. लवकर परतायची काही घाई नाही."

ही जत्रा म्हणजे वर्ल्ड मनी फेअर. १९७२ मध्ये स्वित्झर्लंडातल्या बासेलला सुरू झाली आणि २००६ पासून बर्लिनला आली. न्यॉयक्योल्न भागात एस्ट्रेल नावाचं हजाराहून जास्त खोल्यांचं अवाढव्य हॉटेल आहे, त्याच्या सभागृहांत भरते. देशोदेशीच्या टाकसाळी, नाण्यांचे व्यापारी, लिलाववाले, नाणी पाडायची यंत्रं बनवणारे, सगळे तिथे. आम्ही पोचलो तेव्हा दाराशी रांग होती. गोठवणाऱ्या थंडीत, तिकिटाचे पैसे भरून, माणसं नाणी घेण्यासाठी रांगेत उभी होती. मी पुढच्या-मागच्यांचे चेहरे न्याहाळले. कुणावरही सक्ती झालेली दिसत नव्हती.

आत गेल्यावर साडूभाऊंचा ताबा सुटला. पॅरिसच्या टाकसाळीपुढे ते हात जोडून उभे राहिले, कारण ती ८६४ सालापासूनची. मी व्हिएन्नाच्या टाकसाळीपुढे रेंगाळलो. तिची कुळकथा मला मोह घालणारी होती. धर्मयुद्धावरून परतणाऱ्या इंग्लंडच्या रिचर्ड राजाला ऑस्ट्रियाच्या ड्यूकने अडकवून ठेवलं, सुटकेसाठी टनावारी चांदी वसूल केली, आणि ११९४ मध्ये त्या चांदीची नाणी पाडायला ही टाकसाळ उभी राहिली. खंडणीच्या भांडवलावर सुरू झालेली संस्था आठशे वर्षं टिकते आणि वर परदेशात स्टॉल लावते, हे पाहून आमच्या भागातल्या काही सहकारी संस्थांच्या भवितव्याविषयीही मला पहिल्यांदाच आशा वाटली.

टाकसाळींच्या दालनात थोडा वेळ काढल्यावर लक्षात आलं की इथे मांडलेल्या बहुतेक नाण्यांनी कधी काही विकत घेतलेलं नाही आणि पुढेही घेणार नाहीत. ती त्यासाठी नसतातच. पॅसिफिकमधल्या पलाऊ देशाच्या एका नाण्यात लूर्दचं पवित्र पाणी भरलेलं असतं. (आमच्या बँकेलाही गंगाजळी होती, पण ती अशी हलवून दाखवता येत नसे.) सोमालियाने २००४ मध्ये गिटारच्या आकाराची नाणी काढली. ती थैलीत भरून मोजायची वेळ आली तर काय, या विचाराने माझी बोटं आपोआप आखडली. या सर्वांवर कडी म्हणजे मंगोलियाचं २००७ चं नाणं. त्यावर अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी आहेत. १९६३ च्या जूनमध्ये बर्लिनला येऊन त्यांनी आपणही बर्लिनकर असल्याचं जर्मनमध्ये जाहीर केलं होतं. नाण्यावरचं बटण दाबलं की केनेडी तेच वाक्य पुन्हा बोलतात. देश मंगोलिया, अध्यक्ष अमेरिकेचा, भाषा जर्मन, ताकद बॅटरीची. आमच्या काउंटरवर असं नाणं आलं असतं तर मी ते नाकारलं असतं आणि मग केनेडींनी माझी तक्रार केली असती.

पण खरी गंमत पुढच्या दालनात, व्यापाऱ्यांच्या टेबलांवर होती. तिथे नाणी प्लास्टिकच्या सीलबंद चपट्या डब्यांत झोपवलेली आणि प्रत्येकाच्या उशाशी गुणपत्रिका. गुण सत्तरपैकी. शंभरपैकी का नाहीत, म्हणून मी साडूभाऊंना विचारलं आणि पाऊण दालन संपेपर्यंत उत्तर ऐकलं. विल्यम शेल्डन नावाचा एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता. माणसांच्या शरीराची ठेवण पाहून त्यांचे स्वभाव ठरवायचा उद्योग त्याने आधी केला होता. १९४९ मध्ये त्याने अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटांसाठी एक ते सत्तर अशी मोजपट्टी काढली. हिशेब असा, की एक गुण मिळवणाऱ्या झिजक्या नाण्याच्या सत्तरपट किंमत सत्तर गुणांच्या नाण्याला यावी. तीच मोजपट्टी आज जगभर चालते. साडूभाऊंनी आवाज खाली आणून पुढचंही सांगितलं. याच शेल्डनने अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली नाणी उचलून त्या जागी आपली कमअस्सल नाणी ठेवली होती, हे त्याच्या पश्चात उघडकीला आलं. माझ्या दृष्टीने यात खालच्या आवाजात सांगण्यासारखं काही नव्हतं. गुण देणारा माणूस घेणाऱ्यापेक्षा पक्का असावा लागतो, ही कोणत्याही ऑडिटमधली पहिली अट आहे.

तर सत्तरपैकी सत्तर कुणाला मिळतात? जे नाणं टाकसाळीतून निघाल्यावर कुणाच्या खिशात गेलं नाही, मुठीत आलं नाही, ज्याने पावशेर मिरच्यासुद्धा कधी घेतल्या नाहीत, त्याला. एकदा का बाजारात पाऊल टाकलं की गुण घसरायला लागतात. राणीच्या गालावर ओरखडा, कडेला पोचा, अक्षरांवर झीज, प्रत्येकाचे गुण कापले जातात. म्हणजे नाण्याने नाण्याचं काम केलं की नाणं नापास. ही पद्धत मला नवीन नव्हती. आमच्या बँकेत गोपनीय अहवाल याच तत्त्वावर लिहिले जात. ज्याने कधी कर्जाच्या एकाही फाइलला हात लावला नाही, त्याचं एकही कर्ज बुडालेलं नसे. तो पुढे विभागीय व्यवस्थापक झाला. त्याच्यावर ओरखडाही नव्हता.

साडूभाऊ मात्र एका टेबलापाशी हळवे झाले होते. तिथे मोनॅकोचं २००७ चं दोन युरोचं नाणं होतं, ग्रेस केलीच्या चेहऱ्याचं. अशी फक्त वीस हजार एक पाडली, आहेराच्या पाकिटात वरचा एक रुपया घालावा तशी. छापील किंमत दोन युरो, मागितलेली हजाराच्या वर. साडूभाऊंनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मग त्यांनी परवडेल असा मोह शोधला. जर्मनीचं दोन युरोचं एक स्मारक-नाणं, एकाच सालाचं, एकाच चित्राचं, पाच वेळा. फरक एवढाच की पाचांवर पाच बारीक अक्षरं. ए म्हणजे बर्लिनची टाकसाळ, डी म्युनिकची, एफ स्टुटगार्टची, जी कार्ल्सरूहची, जे हॅम्बुर्गची. पाचही असतील तरच संच पुरा. आपल्याकडेही सालाखाली अशा खुणा असतात. मुंबईचा चौकटीचा ठिपका, हैदराबादची चांदणी, नोएडाचा गोल ठिपका, कोलकात्याचं काहीच नाही. मी हजारो थैल्या मोजल्या, पण या खुणांकडे कधी पाहिलं नाही. त्या भाजीवाल्या बाईंनी मात्र नक्की पाहिलं असणार. दहा युरोंची ती पाच नाणी साडूभाऊंनी पुष्कळ जास्त पैसे मोजून घेतली आणि मखमली डबी कोटाच्या आतल्या खिशात, हृदयापाशी ठेवली.

ते पुढे गेले आणि मी एका टेबलाच्या टोकाशी थबकलो. तिथे लाकडी खोकं होतं. त्यात जगभरची चिल्लर, मळकी, काळवंडलेली, एकमेकांत मिसळलेली. कोणतंही नाणं पन्नास सेंट, फार हवी असतील तर किलोवर. त्या सबंध जत्रेत मला ओळखीचं वाटलेलं हे एकच दृश्य. मी सहज हात घातला. हाताला काही विचारावं लागलं नाही. त्याने एकसारखी नाणी ओढली, बोटांनी चळत उभी केली, अंगठ्याने कडा सारख्या केल्या आणि पुढच्या चळतीला लागला. इटलीच्या लिरा एका बाजूला, स्पेनचे पेसेटा दुसऱ्या, ग्रीसचे द्राख्मा, फ्रान्सचे फ्रँक. पूर्व जर्मनीची नाणी ॲल्युमिनियमची, फुंकर मारली तर उडतील अशी, म्हणून ती आतल्या बाजूला. ज्यांचे देश उरले नाहीत त्यांची रांग वेगळी. टेबलामागे भरघोस मिशांचा जर्मन व्यापारी होता. पहिल्यांदा त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं, मग कुतूहलाने, मग त्याने माझ्यासाठी खुर्ची आणली. खोकं संपलं तसं त्याने कॉफीचा कप आणि टेबलाखालून दुसरं खोकं काढून पुढ्यात ठेवलं. गिऱ्हाइकं मला भाव विचारू लागली. मी पाच बोटं उघडून मग मुठीचं शून्य दाखवत होतो आणि ती बिनतक्रार पैसे मोजत होती. सगळ्या नोकरीत सुट्या नाण्यांसाठी कुणी मला 'डांके' म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या खोक्याच्या तळाशी आपली मंडळी भेटली. कोपरे गोल केलेलं चौकोनी पाच पैशांचं, कातरकडेचं दहा पैशांचं, षट्कोनी वीस पैशांचं. जून २०११ अखेर पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. शेवटच्या दिवसांत आमच्या काउंटरवर जी झुंबड उडाली ती मला अजून स्वप्नात दिसते. एका किराणा दुकानदाराने वडिलांच्या वेळेपासूनची बरणी आणून ओतली होती, आणि तिच्यात नाण्यांइकतेच हरभरे होते. मी ते हरभरे निवडून त्याला परत दिले होते. ते पाच पैसे इथे पन्नास सेंटांना. हिशेब केला तर जवळपास हजारपट. इतक्या वर्षांत कोणत्याही मुदत ठेवीने हा दर दिला नाही. त्या नाण्यावरचे आकडे झिजून गुळगुळीत झाले होते. सत्तरपैकी त्याला फार तर आठ-दहा मिळाले असते. ते मात्र खरोखरच खूप हिंडलं असणार, गोळ्या-बिस्किटं, शाळेची फी, एसटीचं तिकीट. मी ते बाजूला ठेवलं, तर मिशीवाल्याने माझी मूठ मिटून दिली आणि पैसे नकोत अशी मान हलवली. दोन खोकी लावून देण्याचा मोबदला पाच पैसे. आमच्या युनियनने हा करार कधीच मान्य केला नसता.

इतक्यात साडूभाऊ धापा टाकत आले. "साडूभाऊ, चला! महाराज इथे आहेत!"

दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला एका व्यापाऱ्याच्या ट्रेमध्ये हिंदुस्थानची नाणी होती, आणि त्यांत तांब्याच्या पाच-सहा शिवराया. शिवराईवर एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्र पति' असतं. पण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे सगळी अक्षरं असलेली शिवराई सहसा मिळत नाही. कुठे 'जा' सापडतो, कुठे 'शि'चा निम्मा भाग. साडूभाऊंच्या मते घरचा माणूस तेवढ्यावरूनही ओळखतो. त्यांचा संताप वेगळ्याच गोष्टीने उसळला होता. "उलट्या ठेवल्यात! सगळ्या उलट्या! महाराजांना डोक्यावर उभं केलंय!" त्या सज्जन व्यापाऱ्याला देवनागरी वर कुठे आणि खाली कुठे हे कसं कळावं? साडूभाऊंनी त्याला मराठी, हिंदी आणि पाटबंधारे खात्याची इंग्रजी यांच्या मिश्रणात शिरोरेषेचं तत्त्व समजावलं. मोबाइलमधल्या चाळीस छायाचित्रांचा अखेर उपयोग झाला. व्यापाऱ्याने ट्रे त्यांच्याकडे सरकवला. साडूभाऊंनी शिवराया सुलट केल्या, मग होळकरांची नाणी केली, मग ग्वाल्हेरची, मग नागरी अक्षर असलेलं जे जे दिसेल ते. दालनाच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला ते, असे आम्ही दोन पेन्शनर युरोपच्या नाणेव्यवसायात बिनपगारी रुजू झालो होतो.

एक शिवराई घ्यावी असं त्यांच्या फार मनात होतं. व्यापाऱ्याने भावही उतरवला. पण स्वराज्याचं चलन युरो मोजून परत आणायचं हे त्यांच्या जिवावर आलं. "आपलीच वस्तू," ते पुटपुटले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शिवाय आमच्या हिला ती घरचीच वाटेल. मी नेलेली सापडली म्हणेल."

कॉफीला बसलो तेव्हा जवळच्या टेबलावर जर्मनीतल्या पहिल्या महायुद्धानंतरच्या पैशांचा ढीग दिसला. धातूच्या टंचाईत तिथे गावोगावी कामचलाऊ पैसे निघाले होते. सॅक्सनीत तर १९२०-२१ च्या सुमाराला माइसनच्या प्रसिद्ध कारखान्यातून चिनीमातीची नाणी काढली. तपकिरी रंगाची, देखणी. खणखणीत वाजवून पाहायची सोय नाही, वाजवलं की मोड मिळणार. आणि १९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला चार लाख वीस हजार कोटी मार्क मोजावे लागत. लोक या आकड्यावर अर्थशास्त्र बोलतात. मला त्या दिवशीच्या रोखपालाची आठवण येते. संध्याकाळी कॅश टॅली झाली नाही आणि दोन हजार कोटी कमी पडले, तर तो खिशातून घालून घरी जात असेल.

साडूभाऊंनी मग मला बर्लिनच्याच बोडे संग्रहालयाची हकिकत सांगितली. तिथे नाण्यांचं प्रचंड भांडार आहे, आणि त्यात कॅनडाच्या टाकसाळीने २००७ मध्ये पाडलेलं सोन्याचं शंभर किलोचं नाणं उसनं आणून ठेवलं होतं. अर्ध्या मीटरहून रुंद, एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला मेपलचं पान, दर्शनी किंमत दहा लाख कॅनेडियन डॉलर. २७ मार्च २०१७ च्या पहाटे चोर लोहमार्गावरून आले, शिडी लावून खिडकीतून आत शिरले आणि नाणं ढकलगाडीत घालून घेऊन गेले. २०२० मध्ये तिघांना शिक्षा झाली. नाणं आजतागायत सापडलेलं नाही, वितळवलं असावं असं मानतात. साडूभाऊंना यात सांस्कृतिक हानी दिसत होती. मी विचारात पडलो तो वेगळ्याच मुद्द्यावर. आमच्या शाखेत पाच रुपयांच्या नाण्यांची एक थैली तिजोरीपासून काउंटरपर्यंत आणायला शिपायाला तीनदा हाक मारावी लागे, आणि वाटेत त्याची कंबर धरत असे. इथे शंभर किलोंचा एकच नग भल्या पहाटे उचलायला माणसं आपणहून गोळा झाली होती.

"आपल्या जहांगीरनेही पाडलं होतं की," साडूभाऊ म्हणाले. खरंच पाडलं होतं. १६१३ मध्ये आग्र्याला एक हजार तोळ्यांची, सुमारे बारा किलोंची मोहोर. १९८७ मध्ये ती जिनिव्हाला लिलावाला मांडली गेली होती. एवढं नाणं दिल्यावर बादशहासमोर कुर्निसात कसा करायचा, आणि करून पुन्हा उठायचं कसं, यावर आमची बराच वेळ चर्चा झाली. तेवढ्यात साडूभाऊंनी आणखी दोन कप कॉफी घेतली. त्याचे परिणाम पुढे दिसणार होते.

ते परतीच्या वाटेवर गाडी बदलायच्या स्टेशनावर दिसले. स्वच्छतागृहाच्या दाराशी फिरतं फाटक, त्यात एक युरोचं नाणं टाकायचं, कार्डाचं यंत्र बंद. जगातल्या लाखो नाण्यांच्या सहवासात दिवस काढून आलेल्या आम्हा दोघांकडे एक युरो सुटा नव्हता. माझ्याकडे पाच पैसे होते. साडूभाऊंकडे मखमलीच्या डबीत दोन युरोंची पाच नाणी होती. मी त्या डबीकडे नुसतं पाहिलं, तर त्यांनी कोट घट्ट आवळून घेतला. "संच फुटेल," ते म्हणाले. आवाज भरून आला होता, पण तो संचामुळेच असं म्हणवत नव्हतं.

मागे एक वयस्कर जर्मन गृहस्थ उभे होते. त्यांच्या हातात जत्रेतली पिशवी होती, म्हणजे माणूस आपल्यातला. मी पाच युरोंची नोट पुढे करून खुणेने मोड मागितली. त्यांनी पाकीट उघडलं, चष्मा बदलला आणि एकेक नाणं दिव्याखाली धरून पाहू लागले. साल पाहायचे, अक्षर पाहायचे, मग एखादं परत पाकिटात ठेवून दुसरं काढायचे. साडूभाऊ एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते, पण घाई करा असं त्यांनी एका शब्दाने सुचवलं नाही. चोखंदळपणाचा मान राखला. अखेर पाच नाणी माझ्या तळहातावर आली. ग्रीसचं घुबड, ऑस्ट्रियाचा मोझार्ट, इटलीचा तो हातपाय पसरून उभा असलेला लिओनार्दोचा माणूस आणि जर्मनीचे दोन गरुड.

"गरुड टाका," मी म्हटलं. "गरुडांना इथे तोटा नाही."

साडूभाऊंनी पाय जुळवून घेत पहिला गरुड डोळ्यांजवळ नेला. "अहो, हा स्टुटगार्टचा! ह्या सालाचा माझ्याकडे नाही." तो खिशात गेला. दुसरा कार्ल्सरूहचा निघाला, तोही गेला. घुबडाला अथेन्सच्या अडीच हजार वर्षांपूर्वीच्या नाण्याचा वारसा होता, म्हणून त्याला हात लावायची सोय नव्हती. लिओनार्दोच्या माणसाला फाटकात घालणं बरं दिसत नव्हतं. मागचे गृहस्थ प्रत्येक निर्णयाला गंभीरपणे मान डोलावत होते आणि त्यांच्या मागे रांग वाढत होती. मी उरलेला मोझार्ट साडूभाऊंच्या बोटांतून ओढला आणि खाचेत टाकला. फाटक फिरलं. साडूभाऊ धावत आत गेले आणि दार लावता लावता आतून ओरडले,

"साडूभाऊ, साल कुठलं होतं हो त्याचं?"